ओल्ड कोर्सवर एक राउंड : सेंट अँड्र्यूजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर जायचं ठरलं की गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तेच ते प्रश्न येतात. खेळू देतील का, पैसे किती, सोडत म्हणजे नक्की काय, आणि त्या प्रसिद्ध स्विलकन पुलावर फोटो काढता येतो का. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. क्रम साधारण प्रवासाचाच ठेवला आहे, आधी नंबर लावणं आणि मग खेळणं.

मी कोणत्याही बड्या क्लबचा सभासद नाही. मला तिथे खेळू देतील का?

हो, देतील. हेच या जागेचं वैशिष्ट्य. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलवर सभासदाचा पाहुणा म्हणून गेल्याशिवाय चेंडू ठेवता येत नाही. ओल्ड कोर्स मात्र सार्वजनिक आहे. ही जमीन गावाची आहे आणि आजही ती गावासाठीच सांभाळली जाते. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत इथल्या लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदवलेला आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वालुकामय, गवताळ पट्टी. नांगराला निरुपयोगी, पण मेंढ्यांना, सशांना आणि गोल्फला उत्तम.

सशांचा उल्लेख गमतीने केलेला नाही. १७९७ मध्ये गाव कर्जात बुडालं आणि ही जमीन विकली गेली. ती ज्या व्यापाऱ्यांच्या हाती आली त्यांनी तिथे ससे पाळले. सशांनी मैदान उकरून ठेवलं. गोल्फवाले विरुद्ध ससेवाले हा झगडा पुढे वीसेक वर्षं कोर्टात आणि मैदानावर असा दोन्हीकडे चालला. शेवटी १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथायरम इस्टेटचे मालक जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. आज १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ओल्ड कोर्ससह सात मैदानं चालवतो.

हा इतिहास आधीच सांगून टाकला, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. सोडत का आहे, रविवारी मैदान बंद का, पहिल्या होलच्या (अठरा टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्याच्या) फेअरवेवरून, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, माणसं चालत का जातात, या सगळ्याचं कारण एकच : हे गावाचं मैदान आहे.

पण ते तर रॉयल अँड एन्शंट क्लबचं मैदान आहे ना?

नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि पहिल्या टीच्या (जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागेच्या) मागे उभी असलेली ती राखाडी दगडी इमारत बघितली की आणखी पक्का होतो. ती इमारत, म्हणजे १८५४ चं क्लबहाउस, रॉयल अँड एन्शंट क्लबची आहे. मैदान त्यांचं नाही. १७५४ मध्ये सुरू झालेल्या या क्लबला १८३४ साली राजा चौथा विल्यम याने 'रॉयल अँड एन्शंट' हे नाव लावायची परवानगी दिली. क्लबच्या सभासदांसाठी काही वेळा राखीव असतात, गावातल्या इतर क्लबांसाठीही असतात. पण तुमचं काम ट्रस्टशी. त्या क्लबहाउसमध्ये पाहुण्यांना प्रवेश नाही. तुमच्यासाठी ट्रस्टचं वेगळं क्लबहाउस आहे, तिथे कपडे बदला, जेवा, कोणी अडवणार नाही.

सोडत म्हणजे काय? कशी भरायची?

इंग्रजीत तिला बॅलट म्हणतात. ज्या दिवशी खेळायचं आहे त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ वाजेपर्यंत ट्रस्टच्या संकेतस्थळावर नावं द्यायची. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. नावं किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंची एकत्र जातात. प्रत्येकाचं नाव, त्याचा क्लब आणि हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) लागतो. अर्ज करायला पैसे पडत नाहीत. नंबर लागला तरच भरायचे.

आता अनुभवाची गोष्ट. बुधवारी खेळायचं असेल तर सोमवारी दुपारी अर्ज जातो, पण तेव्हा आपण बहुधा विमानतळावर नाहीतर गाडीत असतो आणि अडीच वाजता आठवण येते. फोनवर गजर लावून ठेवा. दुसरं म्हणजे एका दिवसाच्या सोडतीवर सगळी सहल टांगू नका. चार-पाच दिवस राहणार असाल तर रोज अर्ज करा. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात नकार येणं हीच सर्वसामान्य गोष्ट आहे. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये परिस्थिती बरीच बरी असते.

ओळख काढून काही होतं का, असंही लोक विचारतात. होत नाही. मला तरी हेच या व्यवस्थेचं सौंदर्य वाटतं : कंपनीचा अध्यक्ष आणि सुट्टीवर आलेला शाळामास्तर एकाच पेटीत नाव टाकतात.

मी एकटाच जाणार आहे. सोडतीला तर दोघं लागतात.

एकट्यांसाठी वेगळी सोय आहे. पूर्वी ती म्हणजे पहिल्या टीजवळच्या ओल्ड पॅव्हिलियनबाहेरची रांग होती. लोक मध्यरात्रीपासून, कधी आदल्या संध्याकाळपासून, ब्लँकेट गुंडाळून बसायचे. ज्या चौकडीत तीनच जण असतील तिथे रांगेतला पुढचा माणूस घुसवायचे. या रांगेच्या कथा खूप ऐकायला मिळतात आणि त्यात थंडी दरवर्षी वाढत जाते. २०२४ पासून मात्र एकट्यांसाठी रोजची स्वतंत्र सोडत सुरू झाली. आदल्या दिवशी प्रत्यक्ष सेंट अँड्र्यूजमध्ये जाऊन नाव नोंदवायचं, संध्याकाळी निकाल फोनवर कळतो. घरबसल्या ही नोंदणी होत नाही. तुम्ही गावात हजर असायला हवं, एवढीच जुन्या रांगेची खूण उरली आहे.

एकट्याला हा मार्ग बरेचदा जास्त फळतो. अनोळखी लोकांबरोबर खेळावं लागतं, पण अठरा होलमध्ये अनोळखी असं कोणी राहत नाही.

आधीच पक्कं करून जाता येत नाही का?

येतं. पुढच्या वर्षासाठीचे आगाऊ अर्ज आदल्या वर्षी उन्हाळा संपता संपता घेतले जातात. त्यात मिळालेल्या वेळेबरोबर ट्रस्टच्या दुसऱ्या एखाद्या मैदानावरही खेळण्याची अट असू शकते. शिवाय ट्रस्टने मान्यता दिलेल्या प्रवास कंपन्या हॉटेलसकट पक्की वेळ विकतात. खात्री हवी असेल तर तो रस्ता आहे, पण मूळ शुल्कापेक्षा बरेच जास्त पैसे मोजण्याची तयारी ठेवा. मान्यता नसलेला कोणी 'वेळ मिळवून देतो' म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

खर्च किती?

२०२५ च्या ऐन हंगामात ओल्ड कोर्सचं शुल्क माणशी ३४० पौंड होतं. दरवर्षी त्यात थोडी भर पडते. हिवाळ्यात दर बराच खाली येतो. कॅडी (काठ्या वाहून नेणारा आणि सल्ला देणारा सोबती), त्याची बक्षिसी, भाड्याने घेतलेल्या काठ्या हे सगळं वेगळं. गावकरी मात्र वार्षिक तिकीट काढून वर्षभर सातही मैदानांवर खेळतात, आणि त्यांचं ते तिकीट पाहुण्याच्या एका राउंडशी ताडून बघितलं तर हेवा वाटेल इतकं स्वस्त असतं. पुन्हा तेच, मैदान त्यांचं आहे.

हँडिकॅप प्रमाणपत्र खरंच बघतात का?

बघतात. ओल्ड कोर्ससाठी अधिकृत, चालू हँडिकॅप लागतो. स्टार्टर, म्हणजे पहिल्या टीवर खेळ सुरू करून देणारा माणूस, तो मागू शकतो. फोनवरचं अधिकृत अॅप किंवा क्लबचं पत्र जवळ ठेवा. त्या वर्षीची कमाल मर्यादा अर्ज करतानाच संकेतस्थळावर बघून घ्या. अगदी नवशिक्यांसाठी याच परिसरात नऊ होलचं बाल्गोव्ह आहे, तिथे हँडिकॅप कोणी विचारत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळी साडेचार-पाचला सुरू केलेला राउंडही आरामात संपतो आणि तिरप्या उन्हात मैदानाचे सगळे उंचवटे-खळगे उठून दिसतात. पण तेव्हा गर्दीही तेवढीच. माझी पसंती एप्रिलची अखेर किंवा सप्टेंबर.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, फेअरवेवरून मारताना एक छोटी चटई जवळ बाळगून तिच्यावर चेंडू ठेवून मारावा लागतो. गवताला विश्रांती मिळावी म्हणून. काहींना यात मजा येत नाही. स्वस्तात आणि सहज नंबर लागणार असेल तर मला चटई चालते.

द ओपन ही अजिंक्यपद स्पर्धा इथे २०२७ मध्ये पुन्हा येते आहे. त्या वर्षी जाणार असाल तर मैदान कधी बंद आहे ते आधी बघा. दर शरद ऋतूत डनहिल लिंक्स ही स्पर्धाही इथेच रंगते.

रविवारी मैदान बंद का असतं?

रविवारी ओल्ड कोर्स म्हणजे गावाची बाग. लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, मुलं बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यांमधून) उड्या मारतात, आजी-आजोबा स्विलकन पुलावर टेकतात. मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस वगळता रविवारी गोल्फ नाही. ही जुनी प्रथा आहे, आणि तिच्यामागे धर्माइतकीच गवताची काळजी आहे. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी मैदानाला हवी असते, असं एकोणिसाव्या शतकात हे मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस म्हणत, असं सांगतात.

खेळण्याची वेळ सोमवारची असेल तर आदल्या दिवशी हे मैदान उलट्या दिशेने, अठराव्याकडून पहिल्याकडे, चालून या. फुकट आहे. ग्रीनकडून (होलच्या शेवटी झेंडा असतो त्या बारीक कापलेल्या हिरवळीकडून) टीकडे बघत आलात की कोणता बंकर कुठे दडला आहे ते कळतं. टीवरून त्यातले निम्मेसुद्धा दिसत नाहीत. गंमत म्हणजे एके काळी हे मैदान याच उलट्या दिशेने खेळलं जायचं. पहिल्या होलसाठी मॉरिस यांनी वेगळं ग्रीन केल्यावर सरळ दिशेने खेळणं सोयीचं झालं आणि हळूहळू तीच दिशा रुळली.

फोटोत तर ते सपाट माळरान दिसतं. एवढं कौतुक कशाचं?

पहिल्या भेटीत अनेकांचं हेच होतं, आणि मोठमोठ्या खेळाडूंचंही झालं आहे. झाडं नाहीत, तळी नाहीत, फुलांचे ताटवे नाहीत. समोर एक रुंद हिरवा पट्टा, लांबवर गॉर्सची काटेरी झुडुपं, त्यापलीकडे एडन नदीची खाडी.

अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स १९२१ मध्ये इथे ओपन खेळायला आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलला ४६ फटके लागले, अकराव्या होलवर हिल बंकरमधून चेंडू निघेना, तेव्हा त्यांनी खेळच सोडून दिला. पुढे त्याच मैदानावर १९२७ ची ओपन त्यांनी जिंकली. १९३० ची हौशी स्पर्धाही इथेच जिंकली आणि त्या वर्षीच्या चारही मोठ्या विजेतेपदांची सुरुवात इथूनच झाली. १९५८ मध्ये गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. तो मान त्यांच्याआधी एकाच अमेरिकन माणसाला मिळाला होता, बेंजामिन फ्रँकलिन यांना. १९७१ मध्ये जोन्स गेले, आणि तोवर बिननावाच्या राहिलेल्या दहाव्या होलला त्यांचं नाव दिलं गेलं. बाकीच्या होलची नावं जुनीच : बर्न, डाइक, जिंजर बिअर, हीदरी, एंड.

हे मैदान कोणा एका वास्तुविशारदाने आखलेलं नाही. वाऱ्याने, मेंढ्यांनी आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी ते घडवलं. जॉन डेली, टायगर वूड्स, झॅक जॉन्सन अशी एकमेकांशी अजिबात साम्य नसलेली माणसं इथे जिंकली. कुणी ताकदीने जिंकलं, कुणी नेमकेपणाने. त्यामुळे सपाट दिसणाऱ्या या जागेत काय आहे हे प्रत्येकाला आपल्या खेळाप्रमाणे वेगळं सापडतं.

अठरा होल ही पद्धत इथूनच आली म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. पूर्वी इथे बावीस होल होती. १७६४ मध्ये सुरुवातीची चार होल जोडून त्यांची दोन केली. तेव्हा जाताना आणि येताना त्याच ग्रीनवर खेळायचे, म्हणून दोन्ही बाजूंची मिळून चार कमी झाली आणि अठरा उरली. पुढे जगाने तोच आकडा उचलला.

पहिल्या टीवर म्हणे हात कापतात?

कापतात. मागे क्लबहाउसच्या खिडक्या, बाजूला रेलिंगला टेकून बघणारे पर्यटक, आणि स्टार्टर तुमचं नाव पुकारतो. गंमत अशी की हा गोल्फमधला बहुधा सगळ्यात सोपा पहिला फटका आहे. पहिलं आणि अठरावं होल मिळून फेअरवे सव्वाशे यार्डांपेक्षा रुंद आहे आणि एकही बंकर नाही. तरीही इयन बेकर-फिंच या ऑस्ट्रेलियन विजेत्याने १९९५ च्या ओपनमध्ये इथून चेंडू डावीकडे, अठरावं होल ओलांडून थेट हद्दीबाहेर मारला होता.

ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, काढू नका. मधल्या लांबीची काठी घ्या, डावीकडे मारा. मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा सार्वजनिक रस्ता जातो. त्यावर कोणी चालत असेल तर थांबा, घाई करू नका. दुसऱ्या फटक्याला खरी परीक्षा आहे, कारण ग्रीनला अगदी खेटून स्विलकन बर्न हा ओढा वाहतो. वाटते त्याहून थोडं लांब मारणारी काठी घ्या. ग्रीनच्या मागे गेलात तर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) वाचू शकतो, ओढ्यात गेलात तर नाही.

कॅडी घ्यावा का?

इतर मैदानांवर मी या प्रश्नाला 'तुमची मर्जी' म्हणेन. इथे घ्या. पैसे वाचवायचे असतील तर एक वेळचं जेवण साधं घ्या, पण कॅडी घ्या. बहुतेक टीवरून काय टाळायचं आहे ते दिसतच नाही. कॅडी म्हणतो, "त्या चर्चच्या मनोऱ्यावर मार," आणि आपण निमूट मारतो. चेंडू दोन बंकरांच्या मधोमध पडलेला चालत गेल्यावर कळतो. तुमचे चार-पाच फटके बघून तो तुमच्या हातात कोणती काठी द्यायची ते ठरवतो, आणि तुम्ही स्वतःबद्दल जे समजता त्याहून एक काठी लांब देतो. त्याच्याशी वाद घालू नका.

कॅडी आधी सांगून ठेवावा लागतो. मेहनताना आणि बक्षिसी देण्यासाठी रोख पौंड जवळ असू द्या.

ते बंकर इतके भयंकर आहेत?

एकूण ११२ आहेत. त्यांना नावं आहेत आणि नावांतच सगळं आलं : हेल म्हणजे नरक, कॉफिन्स म्हणजे शवपेट्या, लायन्स माउथ म्हणजे सिंहाचा जबडा. सोळाव्या होलवर प्रिन्सिपल्स नोज आहे, कुणा प्राचार्याचं नाक. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत जिथे बसायच्या तिथे गवत झिजून हे खड्डे पडले, असं सांगतात. त्यांच्या भिंती हिरवळीचे तुकडे एकावर एक रचून उभ्या केलेल्या असतात, जवळजवळ ताठ. काहींत एक चिडलेला माणूस आणि त्याची काठी एवढंच मावतं.

चौदाव्या होलवरचं हेल मात्र प्रशस्त आहे. १९९५ च्या ओपनमध्ये गोल्फमधले सार्वकालिक महान खेळाडू जॅक निकलॉस यांना त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि होलवर १० मांडावे लागले. निकलॉस यांना! तेव्हा बंकरमध्ये गेलात तर नियम एकच : सर्वांत जवळच्या मोकळ्या बाजूला बाहेर या, मग ती बाजू टीकडची का असेना. झेंड्याकडे बघूच नका. टायगर वूड्स २००० सालची ओपन १९ अंडर पारने (पारपेक्षा १९ फटके कमी घेऊन) जिंकले तेव्हा चार दिवसांत एकदाही बंकरमध्ये गेले नाहीत. बंकरमधून उत्तम मारण्यापेक्षा बंकरमध्ये न जाण्याची कला इथे जास्त कामाची आहे, आणि त्यासाठी शंका आली की डावीकडे मारायचं. सेंट अँड्र्यूजमध्ये डावी बाजू बहुतेक वेळा सुरक्षित असते. फक्त डावीकडे गेलं की ग्रीनकडचा कोन अवघड होतो. सुरक्षिततेची किंमत मैदान पुढच्या फटक्याला वसूल करतं.

एका ग्रीनवर दोन झेंडे असतात, गोंधळ होत नाही का?

सुरुवातीला होतो. चौदा होल मिळून सात जोडग्रीन आहेत : दुसरं-सोळावं, तिसरं-पंधरावं, चौथं-चौदावं, असं आठवं-दहाव्यापर्यंत. जोडीतल्या आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी अठरा येते. जाताना पांढरे झेंडे, येताना तांबडे. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. तरी दर दिवशी कोणी ना कोणी परक्या झेंड्यावर सुंदर फटका मारतोच.

आणखी एक. दुसऱ्याच्या अर्ध्या भागात चेंडू पडला तरी सहसा ते तुमचंच ग्रीन धरलं जातं, त्यामुळे तिथून पटरनेच (चेंडू जमिनीवरून घरंगळवायच्या काठीनेच) खेळायचं. तीस मीटरचा पट, म्हणजे पटरचा फटका, आयुष्यात पहिल्यांदा इथेच मारावा लागतो. तेव्हा आदल्या दिवशी सराव करायचा तर लांब पटचा करा. तीन पट लागले तर वाईट वाटून घेऊ नका. चार लागले तरी घेऊ नका.

वारा असेल तर काय करायचं?

असेल तर नाही, असतोच. मैदान मेंढपाळाच्या काठीसारखं आहे : सरळ बाहेर जायचं, खाडीपाशी सातव्या ते अकराव्या होलमध्ये वळसा घ्यायचा, परत यायचं. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो तोंडावर. कधी कधी भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते आणि दोन्ही वेळा तोंडावरच येतो, असा माणसाला संशय येतो.

२०१० च्या ओपनमध्ये रॉरी मॅकिलरॉय यांनी पहिल्या दिवशी ६३ फटके मारले, दुसऱ्या दिवशी वाऱ्यात ८०. तोच माणूस, तेच मैदान. २०१५ ला तर ग्रीनवर ठेवलेले चेंडू वाऱ्याने हलायला लागले, खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. आपण काय करायचं? चेंडू उंच मारू नका. जमीन टणक आहे, ती चेंडू पळवते. ग्रीनच्या चाळीस यार्ड आधी टप्पा टाकून घरंगळत नेणं इथे बावळटपणा नाही, शहाणपण आहे. ग्रीनबाहेरून पटर वापरायला लाजू नका. सगळे वापरतात.

सतरावं होल, ते रोड होल, कसं खेळायचं?

पार ४ आहे असं कार्डावर लिहिलेलं असतं. तुमच्या आणि माझ्यासारख्यांनी ते पार ५ समजावं.

टीवरून समोर हिरवी शेड दिसते. पूर्वी तिथे रेल्वेच्या कोळशाच्या शेड होत्या, आता त्यांची प्रतिकृती आहे आणि तिच्यावर हॉटेलचं नाव लिहिलेलं आहे. कॅडी सांगतो कोणत्या अक्षरावरून मारायचं. आंधळा फटका, उजवीकडे हद्दीबाहेर. चेंडू नीट पलीकडे गेला की समोर लांब, निरुंद, तिरपं ग्रीन. त्याच्या पुढ्यात पोटात घुसलेला रोड बंकर आणि पाठीला रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्त्यावर चेंडू गेला तर सुटका नाही, डांबरावरूनच मारायचा.

१९७८ मध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर आले, पट घसरून चेंडू रोड बंकरमध्ये गेला आणि होल ९ वर संपलं. २००० मध्ये डेव्हिड डुव्हाल इथेच चार फटक्यांत बाहेर पडले. तेव्हा दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या तोंडाशी थांबवा, तिथून पटरने वर चढवा, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) घ्या आणि हसत पुढे चला. २०२२ च्या ओपनच्या शेवटच्या दिवशी कॅमेरॉन स्मिथ यांनी पटर घेऊन चेंडू त्या बंकरला वळसा घालून नेला, पार वाचवला आणि स्पर्धा जिंकली. बंकर ओलांडून पिचने, म्हणजे चेंडू उंच उडवून, मारण्याचा मोह त्यांनाही झाला असेल. पण त्यांनी तो आवरला.

स्विलकन पुलावर फोटो काढता येईल ना?

येईल. अठराव्या टीवरून मारून झालं की पूल वाटेतच येतो. जेमतेम तीस फूट लांबीचा, सुमारे सातशे वर्षांपूर्वी मेंढपाळांसाठी बांधलेला दगडी कमानीचा पूल. २००५ मध्ये निकलॉस यांनी यावर उभं राहून ओपनचा निरोप घेतला आणि मग शेवटच्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. २०२३ मध्ये पुलाच्या पायथ्याशी चिखल होऊ नये म्हणून दगडी फरशी घातली होती. जगभरातून एवढा ओरडा झाला की काही दिवसांत ती काढून टाकावी लागली.

मागचा गट ताटकळत असतो. चौघांचा मिळून एक फोटो काढा आणि चालू लागा.

अठराव्या ग्रीनच्या अलीकडे व्हॅली ऑफ सिन नावाची खोलगट जागा आहे. आखूड फटका तिथे घरंगळून परत येतो. १९९५ मध्ये कॉस्टंटिनो रोका यांनी तिथूनच अशक्य पट घालून डेली यांना प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळात) खेचलं. १९७० मध्ये डग सँडर्स यांचा याच ग्रीनवर तीन फुटांच्या आसपासचा पट हुकला, ओपन तिथेच हातची गेली आणि दुसऱ्या दिवशी निकलॉस जिंकले. रेलिंगला टेकलेली माणसं तुमचाही पट बघत असतात. गेला तर टाळ्या वाजवतात.

गाडी मिळते का? राउंडला किती वेळ लागतो?

पायीच. बग्गी फक्त वैद्यकीय कारणासाठी आणि आधी ठरवून. चार तासांच्या आत संपवायची अपेक्षा असते आणि मार्शल आठवण करून देतात.

स्त्रियांना खेळता येतं का?

अर्थातच, मैदान सार्वजनिक आहे. गोंधळ झाला तो क्लबमुळे. रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय २०१४ मध्ये घेतला, तोही फार उशिरा. मैदानावर मात्र २००७ मध्येच स्त्रियांची ब्रिटिश ओपन झाली आणि लोरेना ओचोआ जिंकल्या. २०१३ ला स्टेसी लुईस, २०२४ ला लिडिया को.

तिथे पोहोचायचं कसं?

एडिनबर्गहून रस्त्याने साधारण तासभर ते सव्वा तास. रेल्वेने येणार असाल तर ल्यूकर्स स्थानकावर उतरा, तिथून बस किंवा टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्थानक १९६९ मध्ये बंद झालं.

पाच दिवस अर्ज केला आणि एकदाही नंबर लागला नाही तर?

मग न्यू कोर्सवर खेळा. नाव नवं असलं तरी ते १८९५ चं आहे, ओल्ड कोर्सला खेटून, तीच माती, तोच वारा, आणि वेळ बरीच सहज मिळते. मध्येच मान वळवली की शेजारच्या मैदानावर लोक रोड बंकरच्या दिशेने जाताना दिसतात. ज्युबिली जास्त कठीण आहे. कॅसल कोर्स २००८ मध्ये गावाबाहेर कड्यावर झालं, तिथून समुद्र उत्तम दिसतो.

आणि संध्याकाळी हिमालयात जा. ओल्ड कोर्सच्या बाजूलाच उंचसखल गवताचं एक मोठं पटिंग मैदान आहे, त्याचं नावच हिमालय. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज लेडीज पटिंग क्लबचं हे मैदान. त्या काळी स्त्रियांनी खांद्यावरून काठी फिरवणं शोभत नाही असं मानलं जायचं, म्हणून त्यांना हा तुकडा मिळाला. आज काही पौंड दिले की कोणालाही खेळता येतं, पटर आणि चेंडू तिथेच देतात. हँडिकॅप नाही, सोडत नाही. गोल्फ न खेळणारी बरोबरची मंडळी इथे तुम्हाला हमखास हरवतात.